चिपट्याचं वजन

वडोदऱ्याच्या धान्यबाजारात ‘एक मण गहू’ म्हटलं की २० किलो समजायचे. गुजरातभर बाजार समित्यांचे भावही २० किलोचेच निघतात. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आमच्या नातेवाइकांचा मण ४० शेरांचा. तिथे शेराच्या जागी किलो आला तसा तो सरळ ४० किलोंचा झाला. आणि बेळगावला, माझ्या आजीच्या वहीत, मण म्हणजे १२ पायल्या. तो तर वजनच नव्हे. ते माप.

एकाच घराण्यातली माणसं एकच शब्द बोलतात आणि तीन वेगळी पोती डोळ्यांपुढे आणतात. याची गंमत वाटायची, तोवर ठीक होतं. पण मागच्या दिवाळीत हैदराबादला वहिनीने आजीच्या वहीच्या पानाचा मोबाईलवर आलेला फोटो पाहून चकलीची भाजणी केली आणि चकल्या तेलात विरघळल्या. विरघळल्या हा शब्द तिचाच. चकली सोऱ्यातून नीट पडत होती, कढईत गेली की सुटी व्हायची आणि तळाशी चुरा. जो काही भाग हाती आला त्याला धण्याचा कडवट वास. दादा म्हणाला, वही चुकीची आहे. वही चुकीची असणं शक्य नव्हतं. त्या वहीवर आमच्या घरात साठ-पासष्ट दिवाळ्या झाल्या आहेत.

ती वही बेळगावात शहापूरला मोठ्या काकूकडे आहे. शहापूरचं घर यंदा विकायचं ठरलं. काका जाऊन सहा वर्षं झाली, काकूचं वय झालं, उजव्या मनगटात जोर राहिला नाही. दिवाळीनंतर ती दादाकडे हैदराबादला जाणार. आजवर भाजणी बेळगावातच व्हायची आणि डब्यांतून वडोदरा, हैदराबाद, पुणं अशी जायची. आता ती तीन ठिकाणी तीन स्वयंपाकघरांत व्हायला हवी होती, नाहीतर बंद. म्हणून दसऱ्यानंतर मी पाच दिवसांची रजा काढली आणि बॅगेत ५ किलोपर्यंत मोजणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ठेवून बेळगावची गाडी धरली.

वडोदऱ्याहून पुणे-मिरजेवरून बेळगावला थेट गाडी जाते. मिरज सोडली की फलाटांवरच्या पाट्यांवर कन्नड दिसायला लागतं, ऊस मागे पडत नाही, आणि हवा मात्र बदलते. बेळगावला उतरताना ऑक्टोबरातही पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. आम्हा वडोदऱ्याच्या लोकांना ही थंडी म्हणजे चैन.

शहापूर हे बेळगावचंच एक अंग, पण जुन्या लोकांना तसं म्हटलेलं आवडत नाही. पूर्वी ते सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. मधे नुसता रस्ता. विणकरांची वस्ती, साड्यांचा व्यापार, सराफ. काही गल्ल्यांत अजून मागाचा आवाज येतो. काकूच्या घराच्या मागच्या बाजूलाही तो येतो आणि तिला तो ऐकू येत नाही, इतकी सवय झाली आहे. मी काटा बाहेर काढला तेव्हा ती म्हणाली, “हे कशाला आणलीस? मी काय तोळून टाकतो होय?” बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. आमच्या घरी लहान मुलं याला हसतात. हसू नये. तिथे ते तसंच आहे.

माळ्यावरून मापं खाली काढली. पायली लोखंडी, ती गेली कित्येक वर्षं पणत्या ठेवायला वापरतात. बाकी पितळेची: शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. ज्यांनी ही नावं फक्त आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली त्यांच्यासाठी कोष्टक सांगून टाकते. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. निळव्यापासून शेरापर्यंत दरवेळी दुप्पट. फार सोयीचा हिशेब आहे. अर्धं करायचं तर खालचं भांडं घ्या, दुप्पट करायचं तर वरचं. भागाकार-गुणाकार भांड्यांनीच केलेला.

हा सगळा मापाचा, म्हणजे आकारमानाचा हिशेब. दख्खनेत आणि कोकणात धान्य भांड्याने मोजायची रीत, उत्तरेत काट्यावर तोलायची. ढोबळच सांगते आहे, पण आपल्यासारख्या इकडून तिकडे गेलेल्या घरांना याचा अर्थ लगेच कळेल. शेर हा शब्द दोन्हीकडे आहे. एकीकडे तो भांडं आहे आणि दुसरीकडे वजन. पुढे कटकट होते ती इथेच.

आधी पाणी मोजलं. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, त्यामुळे भांडं काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि काठोकाठ पाणी भरायचं, की भांड्याचं पोट कळतं. चिपटं २४४, कोळवं १२१, निळवं ६०, मापटं ४९१, शेर ९७८. इतकी वर्षं घासली, ठोकली, कल्हई लागली, तरी दुपटीचा हिशेब एवढा जुळतो हे पाहून मला त्या तांबटाचं कौतुक वाटलं. काकूला वाटलं नाही. “मग? मापं आहेत ती.”

हल्लीच्या मोजायच्या कपांपेक्षा हे बरं, असं म्हणायची वेळ आली. अमेरिकेचा कप साधारण २४० मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियात तो २५०, आणि त्यांचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा, जो बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा असतो. आणि भाताच्या कुकरबरोबर जो प्लास्टिकचा पेला येतो तो १८० चा. ते जपानचं तांदूळ मोजायचं जुनं माप आहे, त्याला ‘गो’ म्हणतात. दादाची मुलगी हैदराबादला याच पेल्याला कप समजून केक करते. तिचे केक चांगले होतात, कारण ती सगळंच त्याच पेल्याने घेते. फक्त अंडी पेल्याने मोजता येत नाहीत, तिथे जरा गडबड.

मग तांदूळ. चिपट्यात तांदूळ भरले, वरून हात फिरवून सपाट केले: २०६ ग्रॅम. काकू बघत होती. म्हणाली, “असं कोण भरतंय? शीग कुठाय?”

शीग म्हणजे भांड्याच्या काठावर उभा राहणारा ढीग. ‘शिगोशीग भरलं’ असं आपण अजून म्हणतो, पण बहुतेक वेळा पाण्याच्या पिंपाबद्दल, आणि पाण्याला तर शीग येतच नाही. जुन्या मापात शीग ही वरकड नव्हती. ती मापाचाच भाग. काकूने चिपटं डाव्या हातात धरलं, उजव्या हाताने तांदूळ ओतले, दाणे घरंगळून खाली पडायला लागले तशी थांबली. २४१. ओतून पुन्हा भरलं: २३९. पुन्हा: २४२. मग मी भरलं: २२९, २५१, २३६. मनगट अधू झालेल्या बाईच्या हातात तीन ग्रॅमचा फरक आणि माझ्या हातात बावीसचा. खरं तर यात जादू काही नाही. कुठल्याही दाण्याचा ढीग एका ठरावीक उतारापर्यंतच उभा राहतो, त्यापुढे दाणा घसरतो. काकू तो उतार येईपर्यंत भरते आणि थांबते. मी कधी आधी थांबते, कधी वरून दाबते. ती दाण्याला ठरवू देते.

म्हणजे वहीतलं ‘चिपटं’ सपाट धरलं तर तांदूळ २०६ ग्रॅम आणि शिगेचं धरलं तर २४० ग्रॅम. सहाव्या हिश्शापेक्षा किंचित कमी फरक. पण सगळेच जिन्नस शिगेने घेतले तर प्रमाण फारसं बिघडत नाही, हेही खरं. वहिनीची चकली शिगेमुळे फसली नव्हती.

ती कशामुळे फसली हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. वहीतली भाजणी अशी आहे: तांदूळ एक शेर, हरभऱ्याची डाळ दोन चिपटी, उडदाची डाळ एक चिपटं, मुगाची डाळ एक चिपटं, जाडे पोहे एक चिपटं, साबुदाणा एक कोळवं, धणे एक कोळवं, जिरं एक निळवं. शेर म्हणजे चार चिपटी. वहिनी हुशार आहे, तिने कोष्टक शोधून काढलं आणि चिपट्याला १०० ग्रॅम धरून लिहिलं: तांदूळ ४००, हरभरा २००, उडीद १००, मूग १००, पोहे १००, साबुदाणा ५०, धणे ५०, जिरं २५. कागदावर यात काहीही खोट दिसत नाही. चाराला दोन, दोनाला एक.

आता काकूच्या हातचं शिगेचं माप काट्यावर घेतलं. तांदूळ चार चिपटी ९६०. हरभरा डाळ दोन चिपटी ४७२. उडीद २४०, मूग २३८. इथपर्यंत वहिनीचं गणित अगदी बरोबर, कारण तांदूळ आणि डाळी भांड्यात जवळजवळ सारख्याच जड बसतात. पुढे पोहे आले. एक चिपटं पोहे, शिगेसकट, १२० ग्रॅम. उडदाच्या निम्मे. साबुदाणा कोळवंभर ९५. धणे कोळवंभर फक्त ४८, कारण धण्याचा दाणा पोकळ आणि गोल, भांड्यात निम्मी हवाच असते. जिरं निळवंभर ३१.

वहिनीच्या ४०० ग्रॅम तांदळाच्या हिशेबात हे बसवलं तर पोहे ५० हवे होते, तिने घातले १००. धणे २० हवे होते, तिने घातले ५०. जिरं १३ च्या जागी २५. साबुदाणाही थोडा जास्त. पोहे दुप्पट झाले की चकली कढईत सुटणार, आणि धणे अडीचपट झाले की वास येणारच. वही बरोबर होती, वहिनीचं कोष्टकही बरोबर होतं. मापाचं प्रमाण वजनाचं प्रमाण म्हणून वाचलं, एवढंच. हे असं वाचणं फार सोपं आहे, कारण पहिल्या चार ओळी बिनचूक जुळतात. भरवसा बसतो आणि मग पाचव्या ओळीला पाय घसरतो.

मी तिला तिथूनच फोन लावला. आकडे सांगितले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, “म्हणजे मला येत नाही असं नव्हतं.” वर्षभर ती हे मनात धरून होती हे मला तेव्हा समजलं. सुनेची चकली फसली की घरात बोललं जातं, कितीही आधुनिक घर असो. काकूने फोन मागून घेतला आणि तिला बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मी बाहेर गेले.

बाहेर म्हणजे रविवार पेठेत. बेळगावचा हा घाऊक किराणा बाजार, मसाल्याचा वास अंगाला चिकटून घरी येतो. सगळं पोत्यांनी आणि किलोंनी. एका दुकानात पायलीबद्दल विचारलं तर मालक म्हणाले, गावाकडची म्हातारी माणसं अजून पायलीने विचारतात, आम्ही मनात किलो करतो आणि देतो. “कशाची पायली म्हणतील त्यावर. ज्वारीची वेगळी, भाताची वेगळी.” तो माणूस दिवसातून दहा वेळा तोंडी जे करतो ते मी काटा घेऊन करत होते. भात म्हणजे टरफलासकट, तो तांदळापेक्षा बराच हलका भरतो. पायली तीच, पोतं वेगळं.

एक जिन्नस मात्र मापानेच विकताना दिसला. चुरमुरे. टोपलीतून पत्र्याच्या मापाने भरून पिशवीत. याला कारण आहे. चुरमुऱ्याचं मोल त्याच्या फुगण्यात. हवेतला ओलावा पिऊन ते वजनाला भरतात आणि खायला मऊ पडतात, म्हणजे काट्यावर खराब माल जास्त किमतीचा ठरेल. भांडं इथे काट्यापेक्षा प्रामाणिक आहे. पेढा किंवा कुंदा मात्र कोणी मापाने मागत नाही. कुंद्याचं दुकान वाटेत होतं, मी अर्धा किलो घेतला, यात संशोधनाचा काही भाग नाही.

आता अनारसे. माझा खरा जीव यात अडकला होता, कारण भाजणी फसली तर फार तर पुन्हा दळून आणता येते. अनारशाला आठवडा लागतो आणि तो फसला तर तुपात फसतो.

वहीत एकच ओळ आहे. ‘अनारसे – जुना तांदूळ शेर, गूळ शेर.’ बस. तांदळाचा शेर तर समजला, समोर पितळेचा ठेवला होता. गुळाचा शेर कुठला? गूळ भांड्याने मोजत नाहीत. ढेप येते, ती फोडतात, तोलतात. गुळाचा शेर वजनाचाच असणार. पण वजनाचे शेरही एक नव्हते. पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे पक्का शेर ९३३ ग्रॅम. दक्षिणेकडचा कच्चा शेर २४ तोळ्यांचा, २८० ग्रॅम. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि त्यात ४० शेर, म्हणजे तो शेर साधारण ३१७ ग्रॅम. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, दक्षिणेला लागून होतं, आणि आमचं शहापूर संस्थानात. तिन्ही शेर आजीच्या कानावर असू शकत होते. वही पिवळी पडली आहे, तारीख नाही, पण पाठीमागच्या पानावर वाण्याची उधारी आण्यांत आहे, पैशांत नाही. नवे पैसे १९५७ च्या एप्रिलपासून आले. तेव्हा वही त्याआधीची, किंवा आजी त्यानंतरही आण्यांत हिशेब करत होती. दोन्ही शक्य आहे, आजीला ओळखणारे दुसरं म्हणतील.

मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, ती टप्प्याटप्प्याने १९५८ पासून बाजारात आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. काकू तेव्हा शाळेत होती. तिला आठवतं की गणिताच्या पुस्तकात जुनी कोष्टकं आणि नवी दोन्ही पाठ करावी लागायची आणि तिची धाकटी बहीण वाचली, तिला नवीच होती. काकूला गुळाचा शेर विचारला तर म्हणाली, “गूळ मी डोळ्यानं घेतो.”

डोळ्याने घेतलेलं तोलता येतं, एवढा माझा आग्रह. मी येणार म्हणून तिने आदल्या दिवशीच तांदूळ भिजत घातले होते. एक चिपटं, २४० ग्रॅम. तीन दिवस, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी उपसून पंचावर पसरले, बोटाला ओल लागेल पण पाणी लागणार नाही इतके सुकवले. पुन्हा काट्यावर ठेवले: ३०७. म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम पाणी दाण्यात शिरलं. हे पाणी कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं आणि अनारशाचं पीठ मिळून येतं ते याच्याच जोरावर. कुटले, चाळले. मग काकूने कोल्हापूरचा गूळ किसला आणि पिठात मिसळत गेली. मी किसलेल्या गुळाचं ताट काट्यावर ठेवून दिलं होतं आणि काट्याकडे तिची पाठ होती. गोळा हाताला हवा तसा लागल्यावर ती थांबली. ताटातून २२८ ग्रॅम गूळ कमी झाला होता.

पक्क्या शेराचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. चिपटं म्हणजे मापाच्या शेराचा पाव. कच्च्या शेराचा पाव ७० ग्रॅम, मुंबईच्या शेराचा ८० च्या आत, तेवढ्या गुळात ३०७ ग्रॅम ओलं पीठ गोळाच झालं नसतं. तेव्हा आजीचा गूळ पक्क्या शेराचा. एका ओळीत दोन शेर, एक भांड्याचा आणि एक काट्याचा, आणि लिहिणारीला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही, कारण तिच्या स्वयंपाकघरात तांदूळ आणि गूळ वेगवेगळ्या वाटांनी येत होते.

मी काकूला पाच ग्रॅमचा फरक दाखवला. ती म्हणाली, यंदाचा गूळ ओला आहे, पाऊस लांबला ना, म्हणून कमी लागला. हे मी वहीत लिहून घेतलं: कोरडा गूळ २३३, ओला असेल तर हात आखडता. काट्याला ओलावा कळत नाही.

उरलेल्या वेळात पिठांकडे वळलो आणि तिथे मात्र भांड्याची बाजू मला कोणी पटवू शकणार नाही. तीच भाजणी, तेच चिपटं. चाळून अलगद भरली तर १०५ ग्रॅम. डब्यातली दडपलेली, भांडं दोनदा ओट्यावर आपटून, १४२. दाण्याला उतार असतो, पिठाला नसतो. ते दाबाल तितकं दबतं. ‘दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी’ असं आपण सांगतो आणि मग ‘लागेल तसं कमीजास्त’ असं जोडतो, ते या ३७ ग्रॅमसाठी जोडतो. वजनाने पाहिलं तर दोन चिपटी बेताने भरलेली भाजणी सुमारे २५० आणि पाणी एक चिपटं २४४. म्हणजे भाजणी आणि पाणी जवळजवळ भारंभार. हे मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना पहिल्यांदाच चकली करायची आहे त्यांनी हे एवढंच पाठ केलं तरी उकड साधेल. तुपातेलाचं उलट आहे. ते पाण्यापेक्षा हलकं. चिपटंभर तेल २२५ ग्रॅमच्या आसपास, म्हणून मोहन मिलिलिटरमध्ये दिलं असेल तर तेवढेच ग्रॅम घालू नका. मीठही फसवं: बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं, खडेमीठ कमी. वहीत सगळीकडे खडेमीठ आहे.

हिंगाच्या बाबतीत माझा काटा निरुपयोगी ठरला. दोन ग्रॅम ठेवले तर तो कधी एक दाखवी, कधी काहीच नाही. तिथे ‘हरभऱ्याएवढा खडा’ हेच माप ठेवलं आहे.

गिरणीवाल्याने भाजणी घेतली तेव्हा आम्ही घरून तोलून गेलो होतो. कच्चे जिन्नस २ किलो २०४ ग्रॅम. भाजल्यावर २ किलो ६०. दळून आली ती १ किलो ९८५. भाजण्यात ओलावा गेला, गिरणीच्या पोटात थोडं राहिलं. काकू म्हणाली, पहिलं दळण दुसऱ्याचं असावं, आपलं त्याच्यामागून घालावं, म्हणजे गिरणी आपलं खात नाही. फक्त आधी काय दळलंय ते विचारायचं. मिरची असेल तर घरी परत यायचं.

शेवटच्या दिवशी अनारसे तळले. खसखशीवर थापून, मंद आचेवर, खसखस वर ठेवून, न उलटता. पहिला हसला नाही, तूप गार होतं. दुसरा पसरला आणि जाळी पडली. काकूने तो झाऱ्यावर उभा धरून तूप निथळू दिलं आणि मला खिडकीच्या उजेडात दाखवला. पलीकडची भिंत दिसत होती.

मापांची वाटणी तिनेच केली. पायली घराबरोबर जाणार, नव्या मालकाच्या आईने मागितली, पणत्यांसाठीच. शेर पुण्याला. मापटं वडोदऱ्याला माझ्याकडे. चिपटं, कोळवं, निळवं तिने स्वतःच्या ट्रंकेत ठेवली, हैदराबादला वहिनीच्या ओट्यावर लागतील म्हणून. मी म्हटलं, काकू, आता ग्रॅम लिहून दिलेत ना तिला. ती म्हणाली, “लिहून दिलीस की. पण ती भरायला शिकू दे. वीज गेली तर?”

माझा काटा सेलवर चालतो, हे मी सांगितलं नाही. दोन सेल लागतात, तेही तिथेच ठेवून आले.